कुटलेली गोळी

“या कोण?” मोठ्या डॉक्टरांनी फाईलमधून डोळे न उचलता विचारलं.

प्रश्न तिच्याविषयी होता, पण तिला विचारलेला नव्हता. राउंडमधल्या धाकट्या डॉक्टरनं उत्तर दिलं, “सर, फार्मसीच्या. ते नवीन ट्रेनिंग आहे ना, वॉर्डातलं.”

“वॉर्डात काय काम यांचं? औषधं खाली मिळतात.”

दोघं-तिघं हसले. गेले अकरा दिवस हा प्रश्न याच शब्दांत विचारला जात होता, हेच उत्तर मिळत होतं आणि याच ठिकाणी हसू येत होतं. बाराव्या दिवशी तिचा संयम संपला.

“औषधं खालीच मिळतात सर,” ती म्हणाली. “वर आल्यावर त्यांचं काय होतं, ते बघायला आलेय मी.”

हसू जागच्या जागी थांबलं. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. समोर सेहेचाळीस वर्षांची, ठेंगणी, कपाळावर आठी घेऊनच जन्मल्यासारखी दिसणारी बाई उभी होती. पांढऱ्या कोटाच्या खिशात जाड वही कोंबलेली.

“बघा,” ते म्हणाले. “पण मागे उभं राहून बघा.”

ती मागे सरकली. धाकट्या डॉक्टरांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, “खिडकी लावा रे, वारा येतोय.” पुन्हा खसखस पिकली.

‘खिडकी’ हे तिचं नाव पडलं होतं. एकोणीस वर्षं ती याच इस्पितळाच्या तळमजल्यावर, औषधांच्या दोन नंबरच्या खिडकीत बसत होती. चिठ्ठी घ्यायची, गोळ्या मोजायच्या, पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करायच्या, पुढचा. एकोणीस वर्षांत तिनं लाखभर माणसांना औषध दिलं असेल, पण त्यातला एकही बरा झालेला पाहिला नव्हता. बरा झालेला माणूस खिडकीशी कशाला येईल? औषध पोटात गेल्यावर पुढं काय होतं, हे तिला पुस्तकातून माहीत होतं, डोळ्यांनी नाही. ही एकच गोष्ट तिला वर्षानुवर्षं डाचत होती.

म्हणून इस्पितळानं फार्मासिस्टांसाठी एक वर्षाचं पदव्युत्तर प्रशिक्षण काढलं, तेव्हा अर्ज करणाऱ्यांत ती पहिली होती. रुग्णाच्या खाटेशी उभं राहायचं, त्याचे रिपोर्ट वाचायचे, कुठलं औषध कुठल्या औषधाशी भांडतंय ते ओळखायचं, डोस चुकत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. चौघांची निवड झाली. बाकीचे तिघे पंचविशीतले. त्यांना शिकवणारा प्रशिक्षकसुद्धा बत्तीस वर्षांचा. हुशार, मऊ बोलणारा आणि मोठ्या डॉक्टरांच्या सावलीलाही घाबरणारा. तिला तो “मॅडम” म्हणायचा, ती त्याला “सर”, आणि दोघांनाही त्याचा संकोच व्हायचा.

तशी तीही काही गोड बाई नव्हती. फटकळ होती. खिडकीत असताना वॉर्डातून चुकीची चिठ्ठी आली की ती फोनवर सिस्टरांना असं काही सुनवायची, की रांगेतली माणसं ऐकत उभी राहायची. ते सगळं आता तिच्या वाट्याला परत येत होतं. या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “ओ मॅडम, माझ्या ट्रॉलीला हात लावायचा नाही. फोनवर लई बोललात आजवर. इथं माझं चालतं.”

सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारा होता. छापखान्यातून निवृत्त झालेला. अर्धांगाचा झटका आला, गिळता येईना, म्हणून नाकातून पोटात नळी घातलेली. बोलणं गेलं होतं, पण डोळे शाबूत होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते नखशिखांत वाचायचे. शेजारी स्टुलावर त्याची मुलगी दिवसभर बसून असायची. शिवणकाम करायची ती. कुणाच्या तरी ब्लाउजांना बटणं लावत बसायची आणि मधूनच बापाच्या तोंडाची लाळ पुसायची.

या म्हाताऱ्याचं कोडं कुणाला सुटत नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला त्याला दरदरून घाम सुटायचा, रक्तदाब धाडकन खाली यायचा, डोळे फिरायचे. धावपळ व्हायची, सलाईन जोरात सोडलं जायचं. संध्याकाळपर्यंत रक्तदाब चढायचा तो इतका, की मोठ्या डॉक्टरांनी चौथ्या दिवशी रक्तदाबाची गोळी दुप्पट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा आणखी खोल गेला. मग जंतुसंसर्ग असेल म्हणून तपासण्या झाल्या, महागडी इंजेक्शनं सुरू झाली. संसर्ग सापडला नाही.

तिनं पाच दिवसांचे आकडे वहीत उतरवून घेतले. दर तासाचे. मग घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून ते जोडत गेली, तेव्हा रोज त्याच वेळी येणारा तोच खड्डा दिसला. आजार असा घड्याळ लावून येत नाही. औषधं येतात.

दुसऱ्या दिवशी ती साडेसातलाच वॉर्डात पोचली. नर्स ट्रॉलीपाशी उभी राहून सात नंबरच्या सगळ्या गोळ्या स्टीलच्या खलात एकत्र कुटत होती. खलात फिकट गुलाबी टरफलाचे तुकडे उडाले. ते पाहून ती ट्रॉलीशी गेली. ती गोळी ती डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखू शकली असती.

“ही कुटायची नसते,” ती म्हणाली.

नर्स थांबली. पलीकडून मोठी सिस्टर आलीच. “काय झालं?”

“सिस्टर, ही प्रेशरची गोळी कुटायची नाही.”

“मग काय आख्खी घालू नळीतून? घालून दाखवा.”

“ही चोवीस तास थोडी थोडी विरघळायला बनवलेली असते. कुटली की अख्ख्या दिवसाचं औषध एका दमात पोटात जातं. म्हणून दहाला प्रेशर पडतं. आणि रात्रीपर्यंत संपून जातं, म्हणून चढतं. संसर्ग नाही, काही नाही. याची साधी गोळी मिळते, ती कुटता येते. दिवसातून तीनदा द्यायची.”

“तीनदा!” सिस्टर हसली. “बत्तीस खाटा आणि तीन पोरी. तीनदा कोण देणार, तुम्ही?”

“डॉक्टरांना विचारा तरी.”

“लिहिलंय डॉक्टरांनी. हे बघा. ‘सर्व औषधे नळीवाटे.’ सर्व म्हणजे सर्व. मी त्यांचं ऐकू का तुमचं?” आणि नर्सकडे वळून, “आवर गं, पाणी घाल त्यात.”

पावडर पेल्यात पडली, पाणी पडलं. नर्सनं पेला म्हाताऱ्याच्या खाटेशी नेऊन ठेवला. तेव्हा तिनं पुढं होऊन पेल्यावर आपला पंजा झाकण ठेवावं तसा ठेवला.

“हात काढा,” सिस्टर म्हणाली.

“नाही काढणार.”

“अहो, काय चाललंय?” मुलगी स्टुलावरून उठली. मांडीवरची बटणं फरशीवर घरंगळली. “बाबांच्या औषधावरून भांडताय तुम्ही?”

“तुम्ही बसा ताई,” सिस्टर म्हणाली.

“मी नाही बसणार! हे औषध चांगलंय का वाईट, ते आधी सांगा.”

आवाज वाढले. शेजारच्या खाटांवरची माणसं कोपरावर उठून बघू लागली. म्हातारा फक्त त्या पेल्यावरच्या पंजाकडे बघत होता. आणि त्याच वेळी राउंड दारात आला.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी सिस्टरचं पहिलं वाक्य ऐकलं आणि हिचं तिसरं तोडलं.

“तुम्ही माझ्या रुग्णाचं औषध अडवलंत?”

“सर, आकडे लिहिलेत मी. पाच दिवसांचे. फक्त एकदा बघा.” तिनं डाव्या हातानं वही पुढं केली.

त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. “बाई, तीस वर्षं मी पेशंट तपासतोय. तुम्ही किती तपासलेत?”

वही तिनं तशीच पुढं धरून ठेवली.

“किती?”

“एकही नाही.”

“मग हात काढा.”

धाकटे डॉक्टर जमिनीकडे बघत होते. प्रशिक्षक दाराशी येऊन उभा होता; त्यानं तिच्याकडे पाहून हलकेच मान हलवली. नको, सोडा.

तिनं हात काढला.

“द्या,” डॉक्टर म्हणाले. सिस्टरनं पेल्यातलं पाणी नळीत ओतलं. “आणि यांना उद्यापासून माझ्या वॉर्डात बघायचं नाही मला.”

ती बाहेर जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. दहा वाजायला वीस मिनिटं कमी असताना आतून धावपळीचा आवाज आला. या वेळी तो लवकर थांबला नाही.

म्हातारा त्या दिवशी वाचला, पण बराच वेळ नाडी हाताला लागली नव्हती. त्याच दुपारी धाकट्या डॉक्टरनं कुणाला न सांगता ती गोळी खोडून साधी लिहिली. दुसऱ्या दिवशी दहाला काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कोडं सुटलं होतं. पण मूत्रपिंडांनी त्या एका सकाळचा धसका घेतला तो घेतलाच. लघवी कमी होत गेली, अंगावर सूज चढली. सातव्या दिवशी पहाटे म्हातारा गेला.

मुलगी त्याचं सामान न्यायला आली, तेव्हा जिन्यात दोघींची गाठ पडली. मुलीच्या हातात चादरीचं गाठोडं होतं. तिनं ते खाली ठेवलं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“नक्की माहीत होतं?”

“हो.”

“मग हात का काढलात?”

आयुष्यात तिला शब्द कधी कमी पडले नव्हते. खिडकीत रोज शे-दोनशे माणसांना ती तोंडावर उत्तरं देत आली होती. आता ती गाठोड्याच्या गाठीकडे बघत राहिली.

“ते डॉक्टर तर डॉक्टरच आहेत,” मुलगी म्हणाली. “त्या सिस्टरला माहीतच नव्हतं. तुम्हाला एकटीला माहीत होतं. आणि तुम्ही हात काढलात.” तिनं गाठोडं उचललं आणि जिना उतरून गेली.

मुलीनं तक्रार केली. चौकशी बसली. आठवड्याभरानं प्रशिक्षकानं तिला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला.

तिनं वाचला. नर्सिंगच्या कर्मचाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता, स्वतःच्या मनानं गोळी कुटून दिली. फार्मसीच्या प्रशिक्षणार्थीनं ही चूक सिस्टरच्या नजरेस आणून दिली होती, परंतु सिस्टरनं ती डॉक्टरांपर्यंत पोचवली नाही. खाली तिच्या सहीसाठी जागा.

“हे कुणी लिहिलं?”

“ते महत्त्वाचं नाही, मॅडम.”

“डॉक्टर समोर उभे होते. ‘द्या’ म्हणाले. तुम्ही दारात होतात सर.”

प्रशिक्षकानं चष्मा काढून पुसला. “मोठ्या डॉक्टरांच्या सहीशिवाय तुमचं वर्ष पूर्ण होत नाही. आणि ते वॉर्ड आपल्याला बंद करतो म्हणाले, तर पुढच्या वर्षी हे ट्रेनिंगच राहणार नाही. चार वर्षं मी उंबरे झिजवलेत यासाठी. तुमच्यासारख्या आणखी किती जणी वर येणारेत, त्यांचा विचार करा. उद्यापर्यंत द्या.”

त्यानं हे तळमळीनं म्हटलं, म्हणून तिला जास्तच राग आला.

घरी नवरा टेबलावर नकाशे पसरून बसला होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो नकाशे काढायचा. तिनं कागद त्याच्यापुढं टाकला. त्यानं तो दोनदा वाचला.

“सही कर आणि मोकळी हो.”

“अहो, खोटं आहे ते.”

“तुझ्याविषयी तर चांगलंच लिहिलंय की. ती सिस्टर तुझी कोण लागते? कधी पाणी तरी विचारलं का तिनं तुला?”

“नाही.”

“मग?”

“म्हणून काय खोटं लिहू? मला नाही आवडत ती बाई. मेली तोंडानं विषारी आहे. पण गोळी काही तिनं लिहिली नव्हती.”

“या वयात शाळेत जायचं खूळ तुझं,” त्यानं नकाशा गुंडाळला. “मी तेव्हाच सांगत होतो. खिडकीत होतीस, संध्याकाळी पाचला घरी यायचीस, माणसासारखी हसायचीस तरी कधीमधी. आता घरात शिरतेस ती भांडायची तयारी करूनच. मला काय, तुझं तू बघ.”

तो उठून आत गेला. तिनं भाजी चिरायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून दिली. टेबलावर बसली, कोरा कागद घेतला. पहिल्या तीन ओळी भराभर झाल्या. गोळी कुणी लिहिली, ‘सर्व औषधे नळीवाटे’ हा आदेश कुणाचा, पेला समोर असताना ‘द्या’ कोण म्हणालं. मग तिचा हात थांबला. सत्य लिहायचं तर ते दुसऱ्याच्या दारात नेऊन थांबवता येत नव्हतं.

चौथी ओळ लिहायला तिला अर्धा तास लागला. ‘हीच गोळी मी स्वतः तळमजल्यावरून एकोणीस वर्षे देत आले. वॉर्डातून नळीच्या रुग्णासाठी मागणी येई तेव्हा, गोळी कुटणार का, असे मी एकदाही विचारले नाही. पाकिटावर कुटू नये असे कधी लिहिले नाही. आधी किती जणांना अशी दिली गेली असेल, हे मला सांगता येणार नाही.’

आणि सर्वांत खाली: ‘धोका माहीत असूनही, डॉक्टरांनी सांगितल्यावर मी पेल्यावरचा हात काढला.’

सही केली. टाइप केलेला कागद चार तुकडे करून भाजीच्या देठांबरोबर टाकून दिला.

चौकशी समितीपुढं ते निवेदन मोठ्यानं वाचलं गेलं. शेवटची ओळ आली तेव्हा मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. अध्यक्षांनी विचारलं, “बाई, हे तुम्ही तुमच्याविरुद्धच लिहिलंय. काढून टाकायचंय का?”

“नको. तेवढंच मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.”

निकाल वर्ष सरत आलं तेव्हा लागला आणि कुणालाच रुचला नाही. मोठ्या डॉक्टरांना ‘सूचना’ देण्यात आली, म्हणजे काहीच झालं नाही. सिस्टरच्या नावावर ठपका आला नाही. न कुटायच्या गोळ्यांची यादी करून प्रत्येक पाकिटावर लाल शिक्का मारायचा, असा नियम निघाला. खिडकीतल्या तिच्या जुन्या सोबत्यांनी “आमचं काम वाढवून ठेवलं” म्हणून तिच्याशी बोलणं टाकलं. आणि तिच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर, ‘संघात काम करण्याची वृत्ती’ या रकान्यात मोठ्या डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: असमाधानकारक. तिचं वर्ष धरलं गेलं नाही. हवं असेल तर पुढच्या तुकडीबरोबर पहिल्यापासून सुरुवात करावी, नको असेल तर जुन्या जागी परत जावं.

त्या दिवशी उपाहारगृहात ती एकटी चहा घेत होती. मोठी सिस्टर समोर येऊन उभी राहिली. बसली नाही.

“माझं नाव वाचवलंत म्हणून मी आता गोडगोड बोलेन असं समजू नका.”

“नका बोलू,” ती म्हणाली. “मला ऐकवणार नाही ते.”

सिस्टरनं खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. “तो पेला मी ओतला,” ती एकदम म्हणाली. “तुम्ही हात काढलात, पण ओतला मी. ते कुणीच विचारलं नाही मला.” आणि उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. चालताना ती एक पाय ओढत होती. पंचवीस वर्षं उभं राहून गुडघा गेला असावा. ते हिच्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

नवरा म्हणाला, “आता तरी पुरे ना?” पण जुन्या जागी परत जाण्याचा अर्ज तिनं भरला नाही. तिच्या मनात त्या शिवणकामवाल्या मुलीचा प्रश्न होता. त्याचं उत्तर तिला अजून सापडलं नव्हतं आणि ते खाली सापडणार नाही, एवढं तिला कळत होतं.

प्रशिक्षणाची नवी तुकडी पहिल्या तारखेला सुरू झाली. ट्रेनिंग बंद पडलं नव्हतं. उलट या वेळी सहा जागा होत्या. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, एका अरुंद खोलीत. ती दोन मिनिटं उशिरा पोचली. दार ढकललं, तशी आतली बडबड थांबली. पाच तरुण मुलं-मुली खडबडून उठून उभी राहिली.

“गुड मॉर्निंग, मॅडम!”

तिला क्षणभर कळेना. मग कळलं. कान तापले. समोरच्या पाचही चेहऱ्यांवर कोऱ्या वहीसारखा आदर होता.

“बसा,” ती म्हणाली. “मी शिकवायला नाही आले. तुमच्यातलीच आहे.”

कुणी बसेना. खरं बोलतेय की परीक्षा घेतेय, ते त्यांना उमजेना. शेवटच्या बाकावर एक सडपातळ मुलगी होती. तिनं घाईघाईनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, भिंतीकडे सरकली आणि जागा करून दिली. ती त्या जागेवर बसली आणि वही उघडून तिनं वरच्या कोपऱ्यात तारीख घातली. तेव्हा कुठं बाकीचेही एकेक करून खाली बसले.